तुम्ही विचारलंत म्हणून: घरच्या पडद्यासाठी जुन्या भागांचा संगणक कशाला?

टीव्हीला लावायचे छोटेसे यंत्र आज चार-पाच हजारांत मिळत असताना अडगळीतले सुटे भाग जमवून घरच्या पडद्यासाठी संगणक बांधण्याचा खटाटोप कशासाठी, असे वेंगुर्ल्याला घरी येणारे बहुतेक पाहुणे मला विचारतात. काटकसर हे त्याचे कारण नाही. जे पाहायचे आहे तेच जुन्या माध्यमांत साठवलेले आहे आणि ती माध्यमे वाचण्याची सोय नव्या यंत्रांत उरलेली नाही, हे खरे कारण आहे.

आमच्या भागात कार्तिकापासून जत्रा सुरू होतात आणि देवळाच्या आवारात रात्रभर दशावतार रंगतो. या नाटकाला लिखित संहिता नसते. आडदशावतारातील, म्हणजे नाटकाच्या पूर्वरंगातील, संकासुराचे बोलणे असो किंवा आख्यानातील राजाचे, संवाद नटाला तिथेच, त्या क्षणी सुचतात, त्यामुळे एका रात्रीचा प्रयोग दुसऱ्या रात्री तसाच्या तसा होत नाही आणि ज्याचे चित्रीकरण झाले नाही तो प्रयोग कायमचा गेला असेच समजावे लागते. आमच्या कुटुंबात असे चित्रीकरण बरेच आहे, पण ते जुन्या व्हिडिओ कॅमेऱ्यांच्या मिनीडीव्ही टेपांवर, जत्रेत विकत घेतलेल्या व्हीसीडींवर आणि अलीकडच्या मोबाइल फोनमध्ये विखुरलेले आहे.

मिनीडीव्ही टेप संगणकात मूळ प्रतीच्या दर्जाने उतरवायची तर कॅमेरा संगणकाला जोडणारी फायरवायर ही जुनी जोडणी लागते. नव्या मदरबोर्डवर, म्हणजे संगणकाच्या मुख्य पट्टीवर, ती सहसा नसते आणि फायरवायरचे साधे पीसीआय कार्ड (जोडणी वाढवणारी जुन्या पद्धतीची पट्टी) बसवण्याची खाचही नसते. दहा-बारा वर्षांपूर्वीच्या कार्यालयीन संगणकांत मात्र ती खाच पुष्कळदा सापडते. चौथ्या पिढीचा कोअर आय थ्री प्रोसेसर असलेली अशी एक पेटी एका कार्यालयाने भंगारात काढली होती, तीच मी पायाला घेतली. तासाभराची टेप उतरवायला पूर्ण तासच लागतो आणि तिची फाइल सुमारे १३ जीबीची होते. हे चित्र ७२० गुणिले ५७६ बिंदूंचे असून सेकंदाला ५० अर्ध्या चौकटींत विणलेले असते. त्या अर्ध्या चौकटी नीट जुळवल्या नाहीत तर नटाने हात फिरवताच त्याच्या कडेला दातेरी रेषा उमटतात. ही जुळवणी मनाजोगी करता येणे, हा संगणकाचा टीव्हीतल्या तयार प्लेअरवरचा मोठा फायदा आहे. व्हीसीडीचे चित्र त्याहूनही लहान, ३५२ गुणिले २८८ बिंदूंचे असते. त्यासाठी जुना डीव्हीडी ड्राइव्ह जपून ठेवावा.

फोनमधल्या चित्रीकरणाची अडचण याच्या उलट आहे. आजचे पुष्कळ फोन एचईव्हीसी या चित्र दाबून लहान करण्याच्या नव्या पद्धतीने चित्रीकरण साठवतात. चौथ्या पिढीच्या प्रोसेसरमधील चित्रविभागाला एच.२६४ ही आधीची पद्धत सहज झेपते, पण एचईव्हीसी उलगडण्याची पूर्ण सोय त्यात नाही. तो सारा भार प्रोसेसरवर पडला की पंखा घोंघावू लागतो आणि फोरके चित्र अडखळते. म्हणून या पेटीत जीटी १०३० हे लहान ग्राफिक्स कार्ड बसवले. ते सुमारे ३० वॅटवर चालते, त्याला वीजपुरवठ्याची वेगळी तार लागत नाही आणि एचईव्हीसी ते स्वतः उलगडते. जुन्या बाजारात त्याच्या शेजारी दिसणारे जीटी ७१० स्वस्त असते, पण त्याला एचईव्हीसी येत नाही. या कामासाठी ते घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे.

कोणते भाग जुने चालतील हे किनाऱ्यावर खारी हवा ठरवते, आणि याविषयी मला थोडे सविस्तर सांगायचे आहे. समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्याबरोबर मिठाचे सूक्ष्म कण येतात आणि पंखा ते पेटीत ओढून घेतो. हवा कोरडी असेपर्यंत ते धुळीसारखे पडून राहतात, पण सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की आषाढात स्वयंपाकघरातल्या बरणीतले मीठ पाझरते तसे तेही हवेतले पाणी ओढून विरघळतात. मग तांब्याच्या रेघांवर हिरवट थर चढतो. रॅमच्या पट्टीवरचे सोने स्वतः गंजत नाही, पण तो मुलामा इतका पातळ असतो की त्यातल्या बारीक छिद्रांतून खालचा धातू खराब होतो. त्यामुळे प्रत्येक पट्टी आणि कार्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून, पूर्ण वाळवून मगच बसवावे.

म्हणूनच पावसाळ्यात यंत्र झाकून, बंद करून ठेवण्याची आपल्याकडची रीत मला पटत नाही. २७ अंशांवर ९० टक्के आर्द्रता असलेली हवा ३५ अंशांपर्यंत तापली, तर त्यातली वाफ तेवढीच राहूनही सापेक्ष आर्द्रता साठ टक्क्यांच्या खाली येते. म्हणजे चालू असलेली, किंचित कोमट पेटी आतले मीठ आपोआप कोरडे ठेवते. आमचा संगणक पावसात रोज संध्याकाळी चालतो. त्याला सावकाश फिरणारा एकच मोठा पंखा आहे, हवा जिथून आत शिरते तिथे धुता येईल असे विरळ कापड आहे आणि पेटी पश्चिमेच्या खिडकीपासून दूर, माजघरातल्या आतल्या भिंतीला लावलेली आहे. कमी वीज खाणारे भाग निवडण्यामागे आवाजाइतकेच हेही कारण आहे, कारण वारा जितका कमी ओढावा लागेल तितके मीठ कमी येईल.

दोन वस्तूंवर मात्र पैसे खर्च करावेत. पहिली एसएमपीएस, म्हणजे संगणकाच्या भागांना वीज पुरवणारा डबा. जुन्या एसएमपीएसमधील कपॅसिटर सुकलेले किंवा फुगलेले असतात, लाईट सारखी येत-जात असताना ते दगा देतात आणि जाताना बाकीच्या भागांनाही घेऊन जातात. दुसरी साठवणुकीची डिस्क, आणि तीही एक नव्हे, दोन. एक यंत्रात ठेवावी आणि दुसरी शक्यतो दुसऱ्या गावी, नातेवाइकांकडे. त्याशिवाय वायरमनकडून घराचे अर्थिंग मोजून घ्यावे. जांभ्याच्या जमिनीत उन्हाळ्यात ओल आटली की ते कमजोर पडते आणि नेमक्या त्याच सुमारास, वैशाखात, गडगडाटी वळीव सुरू होतात. ढग दाटून येताच प्लगबरोबर इंटरनेटची तार आणि डिशची केबलही काढावी, कारण विजेचा धक्का त्या वाटेनेही आत येतो.

सॉफ्टवेअरचे काम त्या मानाने सोपे आहे. पडद्यावर कोडी हा चित्रफिती दाखवणारा प्रोग्राम चालतो. मूळच्या एक्सबॉक्सवर एक्सबीएमसी म्हणून वाढलेल्या या मुक्त प्रणालीला कोडी हे नाव २०१४ मध्ये मिळाले. केवळ पाहायचेच असेल तर थेट कोडीतच सुरू होणारी लिब्रेइलेक ही छोटी लिनक्स प्रणाली पुरेशी आहे. मला टेपा उतरवायच्या असल्याने मी पूर्ण लिनक्स बसवून त्यावर कोडी ठेवले. पैसे भरून पाहायच्या वाहिन्या या यंत्रावर बऱ्याचदा कमी दर्जाने दिसतात. ज्यांना मुख्यतः त्याच पाहायच्या आहेत त्यांनी सुरुवातीला सांगितलेले छोटे यंत्रच घ्यावे, त्यांना हा संगणक बांधण्याचे कारण नाही.

पण कपाटात टेपा असतील तर पेटी जमवण्याआधी त्या वाचणारा कॅमेरा शोधा आणि त्याला फायरवायरची जोडणी आहे ना, हे पाहा. संगणकाचे भाग भंगारात अजून मिळतात, मात्र टेप फिरवणारे चालू कॅमेरे दुर्मिळ होत चालले आहेत. टेपेवर पांढरी बुरशी दिसली तर ती तशीच कॅमेऱ्यात घालू नये, ती टेप वाचणाऱ्या फिरत्या हेडला लागून पुढच्या चांगल्या टेपाही खराब करते. अशी टेप वेगळी ठेवून जाणकाराकडून स्वच्छ करून घ्यावी आणि तोवर बाकीच्या उतरवायला लागावे.