बेताचं

मागच्या आठवड्यात एक पोरगा दुकानात आला, मोबाइल पुढं धरला आणि म्हणाला, "काका, एवढं टाका. दहा बाय आठ." वाढदिवसाचा फ्लेक्स होता. ज्याचा वाढदिवस त्याच्या नावाआधीची विशेषणं मी सहज मोजली. अकरा निघाली. युवकांचे प्रेरणास्थान, गोरगरिबांचे कैवारी, कार्यसम्राट, दानशूर असं करत करत शेवटी भावी नगरसेवक. अकरातल्या फक्त या शेवटच्यात काहीतरी बातमी होती, आणि तीही अजून घडायची होती.

सांगलीत माझं डीटीपीचं दुकान आहे. आधी लग्नपत्रिका आणि पावतीपुस्तकं करायचो, मग फ्लेक्सचं मशीन घेतलं. फ्लेक्सचा दर चौरस फुटावर असतो, विशेषणं फुकट. सगळा घोळ तिथंच आहे असं माझं मत आहे. तारेला शब्दागणिक पैसे पडायचे तेव्हा माणूस 'बाबा गंभीर, निघा' एवढ्यात भागवायचा. २०१३ च्या जुलैत तार बंद झाली आणि ती काटकसरही गेली. पूर्वी फ्लेक्सवर 'लोकप्रिय' लिहिलं तरी माणूस खूश असायचा. आता नुसतं 'लोकप्रिय' लिहिलं तर त्याला वाटतं, आपल्या वाईटावर कोणीतरी टपलंय.

इंग्रजी पेपरात ज्याला मॉडरेट म्हणतात त्याला मराठीत काय म्हणायचं, हा प्रश्न मला धंद्यातूनच पडला. मवाळ म्हणावं तर ती इतिहासाच्या पुस्तकातली शिवीच झालीये. मध्यममार्गी हा सभेतला शब्द, घरात कोणी वापरत नाही. बाकी मग गुळमुळीत, कुंपणावरचा, तळ्यात-मळ्यात. आमच्या आईचा शब्द मात्र 'बेतानं'. मीठ बेतानं घाल, गॅस बेतानं ठेव, बोलताना बेतानं बोल. पण तोच शब्द माणसाला लावून बघा. परिस्थिती बेताची, बुद्धी बेताची, पोरगी दिसायला बेताची. मिठाला जे चांगलं ते माणसाला कमीपणाचं. शिंपी कापड बेततो ते मापानं, आणि एखादी गोष्ट जिवावरही बेतते. एका शब्दाच्या किती तऱ्हा!

माझे आजोबा कुंडलजवळच्या एका गावचे. तेव्हा ते गाव सातारा जिल्ह्यातच होतं. १९४९ साली दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० साली त्याचं नाव सांगली झालं. आजोबा क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारातले. म्हणजे फार मोठे कोणी नव्हेत, निरोप पोचवायचे, भाकरी पोचवायचे. फितुरांच्या पायाला पत्र्या ठोकतात असं लोक बोलायचे, म्हणून त्याला पत्री सरकार म्हणत. रेल्वे अडवून खजिना लुटणारी, इंग्रजी राज्याला समांतर न्यायालयं चालवणारी ही माणसं. यांना मवाळ म्हणायची कुणाची छाती होती? पण हीच माणसं गावोगाव गांधी-विवाह लावायची. हुंडा नाही, मानपान नाही, जेवणावळी नाहीत. १९४४ साली आजोबांचं लग्न असंच झालं. हार आणि गूळ, बास. आजी पुढं आयुष्यभर कुरकुरायची, "माझ्या लग्नात वाजंत्रीसुदीक नव्हती." आजोबा म्हणायचे, "आगं, फौजदार मागावर हुता, वाजंत्री कशाला लावतीस?" मग जरा थांबून, "आन् नसता तरी लावली नसती."

त्यांच्या पणतीच्या लग्नाला मी स्वतः वीस बाय दहाचा फ्लेक्स छापला. तिच्या सासरच्यांनी तीस फुटी छापला होता. असो.

नववीत आम्हाला १९०७ च्या सुरतेच्या काँग्रेसचा धडा होता. सर रंगवून सांगायचे. जहाल इकडं, मवाळ तिकडं, गोंधळ, आणि मग हवेतून आलेला तो मराठी जोडा, जो सुरेंद्रनाथ बॅनर्जींना लागून फिरोजशहा मेहतांवर उडाला. वर्गानं जोड्यासाठी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. मवाळ म्हणजे ज्यांना जोडा लागला ते, एवढंच डोक्यात बसलं.

मवाळांचे पुढारी गोपाळ कृष्ण गोखले, त्यांची १८९७ सालची गोष्ट मला कळली तेव्हा चाळिशी उलटून गेली होती. ते हिंदुस्थानातल्या सरकारी खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी कमिशनपुढं साक्ष द्यायला इंग्लंडात होते आणि इकडं पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तासाठी गोरे सोल्जर घरात घुसत होते. पुण्याहून मित्रांची पत्रं गेली, बायकांवर अत्याचार झाल्याची. गोखल्यांनी ते तिकडच्या वर्तमानपत्राला सांगितलं. परत आल्यावर सरकारनं पुरावा मागितला. पत्रं लिहिणाऱ्यांची नावं त्यांनी दिली नाहीत, आणि नावांशिवाय आरोप शाबीत होईना. तेव्हा त्यांनी जाहीर माफी मागितली. वय एकतीस. त्याच वर्षी टिळक राजद्रोहाखाली दीड वर्षाच्या शिक्षेवर गेले. एक तुरुंगात गेला आणि दुसऱ्यानं माफी मागितली, तेव्हा पुण्यानं गोखल्यांना काय काय ऐकवलं असेल ते सांगायला नको. सोल्जर साधुसंत होते असं मला अजिबात वाटत नाही. पण जे आपल्याला दाखवता येत नाही ते आपण बोललो, हे भर बाजारात कबूल करायला काय लागत असेल, ते मला २०१९ च्या पुरात समजलं.

सांगलीत पावसाळ्यात देवापेक्षा कृष्णेवरच्या आयर्विन पुलाकडं जास्त बघतात. पाण्याची पातळी तिथं मोजतात. चाळीस फूट इशारा, पंचेचाळीस धोका. पूल १९२९ चा, आणि त्याच्यासारखं मोजकं बोलणारं गावात दुसरं कोणी नाही. त्या ऑगस्टमध्ये पाणी पन्नासच्या पुढं गेलं आणि रात्री कुणाचातरी मेसेज आला की पहाटेपर्यंत पासष्ट होणार. मी तो आमच्या अपार्टमेंटच्या ग्रुपवर ढकलला. वर स्वतःचं 'ताबडतोब निघा' आणि तीन उद्गारचिन्हं जोडली. दुसऱ्या मजल्यावरच्या कुटुंबानं आजींना खुर्चीवर बसवून अंधारात पाण्यातून बाहेर काढलं. खुर्ची कलंडली, आजींचं मनगट मोडलं. पाणी सत्तावन्न फुटांच्या थोडं पुढं जाऊन थांबलं. त्यांचा मजला कोरडा राहिला.

माफी लिहायला मला तीन दिवस लागले. पहिल्या खर्ड्यात 'हा मेसेज अनेकांनी पाठवला होता' होतं. दुसऱ्यात 'उद्देश चांगला होता' होतं. तिसऱ्यात एवढं रडगाणं होतं की आजींनीच मला धीर द्यायला यावं. आयुष्यभर लोकांची विशेषणं जुळवली, पण स्वतःची चार वाक्यं बेतता येईनात. शेवटी लिहिलं, 'आकडा मी तपासला नव्हता. मी पाठवला म्हणून तुम्ही निघालात. चूक माझी आहे.' त्यावर एक अंगठा आला. आजींच्या मुलाचा नव्हता.

आता जे सांगायचं आहे ते सांगावं की नाही, हा विचार करत इतकं लिहिलं.

२००९ च्या गणपतीत मिरजेत कमानीवरच्या चित्रावरून दंगल पेटली, संचारबंदी लागली, झळ सांगलीपर्यंत आली. दुसऱ्या वर्षीच्या गणपतीला गल्लीतल्याच मंडळाचे दोघे दुकानात आले. त्यांना चित्राखाली दोन ओळी हव्या होत्या, यमक जुळवलेल्या. एकेक शब्द सुटा काढला तर कशातच वाईट काही नव्हतं. पण बोट कुणाकडं आहे ते पाचवीतल्या पोरालाही कळलं असतं. माझा ऑपरेटर मिरजेचा मुसलमान पोरगा, तेव्हा बावीस-तेवीस वर्षांचा. तोच कॉम्प्युटरवर बसला होता. त्यानं दोन्ही ओळी निमूट टाइप केल्या आणि मान न वळवता विचारलं, "काका, फाँट कुठला?"

मी म्हणालो, "आज होणार नाही. मशीनचं हेड गेलंय."

ते दोघे बसस्टँडकडच्या दुसऱ्या दुकानात गेले. तिथून छापून आणलं की नाही, मी बघायला गेलो नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पोरानं येऊन मशीन नेहमीसारखं चालू केलं. मी काही बोललो नाही, तोही नाही.

याला मी बरीच वर्षं माझा शहाणपणा समजत होतो. भांडण नाही, गिऱ्हाईक तुटलं नाही, कुणाचं मन दुखावलं नाही. आजोबा असते तर म्हणाले असते, "न्हाई छापत, जा." तीन शब्द. फौजदारालाही त्यांनी तेच सांगितलं असतं. गोखलेही, मला वाटतं, 'नाही' असंच म्हणाले असते, फक्त खुर्ची पुढं करून. मी बोललो ते बेतानं बोललो की भ्यायलो, याचा हिशोब लागत नाही. ज्या दिवशी लागतो त्या दिवशी मला तो आवडत नाही.

पोरगा माझ्याकडं अजून सहा वर्षं होता. आता मिरजेत त्याचं स्वतःचं दुकान आहे, माझ्यापेक्षा मोठं. त्याच्या शेवटच्या वर्षी, ऐन लग्नसराईत, मशीनचं हेड खरोखरच गेलं. दारात चार गिऱ्हाइकं उभी होती. मी हात जोडून सांगत होतो, आज होणार नाही, मशीन बिघडलंय.

त्यानं आतून डोकं बाहेर काढलं आणि हळूच विचारलं, "आज खरंच का, काका?"