चेस्टरटनच्या चर्चची भिंत

केंब्रिज नॉर्थ स्टेशनवरून चेस्टरटनचं सेंट अँड्र्यूज चर्च चालत जाण्याच्या अंतरावर आहे. कॉलेजं नंतर बघू म्हटलं आणि आधी इथे आले, चर्चच्या बाहेरच्या भिंतीवरच्या एका पाटीसाठी. ॲना मारिया वासा, मृत्यू २१ जुलै १७९७, वय ४ वर्षं. खाली कविता कोरली आहे. तिला पुरताना गावातली पोरं फुलं घेऊन आली होती, असं त्यात आहे. तिथून पाय निघेना.

ही ओलाउडा इक्वियानोची लेक, म्हणजे एकेकाळी गुलाम असलेल्या एका लेखकाची. पाटीवर त्याचं नाव गुस्तावस वासा आहे. त्याला विकत घेणाऱ्या नौदल अधिकाऱ्याने ते त्याच्यावर लादलं होतं. बारीकसारीक व्यापारातून पैसे साठवून, १७६६ मध्ये मालकाला ४० पौंड मोजून तो सुटला. १७८९ मध्ये लंडनमध्ये त्याने आत्मचरित्र छापलं.

नेमकी तीच वेळ होती. मे महिन्यात खासदार विल्बरफोर्सने पार्लमेंटमध्ये गुलामांच्या व्यापाराविरुद्ध पहिलं मोठं भाषण केलं. व्यापाऱ्यांची माणसं साक्ष देत होती, की जहाजावर गुलामांची चांगली बडदास्त ठेवतात. इक्वियानोने जहाजाच्या पोटातलं लिहिलं. श्वास कोंडणारी दुर्गंधी, साखळदंडांनी सोललेली कातडी, घाणीच्या पिंपात पडून गुदमरायला आलेली मुलं. खायला नकार दिला म्हणून त्याला स्वतःला बांधून फटके मारले होते. ज्याने ते भोगलं त्याच्याच शब्दांत ते आता कुणीही विकत घेऊन वाचू शकत होतं.

आणि ते वाचलं जावं म्हणून तो राबला, हे मला फार मोठं वाटतं. आगाऊ वर्गणीदार जमवले, त्यात प्रिन्स ऑफ वेल्ससुद्धा. हक्क स्वतःकडेच ठेवले. मग शिफारसपत्रं खिशात घालून इंग्लंड, स्कॉटलंड, आयर्लंड पालथं घातलं. एक पत्र इथल्याच पीटर पेकर्डचं. माणसाला त्याच्या मर्जीविरुद्ध गुलाम करणं योग्य आहे का, हा निबंधाचा विषय १७८५ मध्ये विद्यापीठात ठेवणारा हाच पेकर्ड. तो निबंध लिहिता लिहिता टॉमस क्लार्कसन गुलामांच्या व्यापाराविरुद्धच्या चळवळीत ओढला गेला.

१७९२ मध्ये गुलामांचा व्यापार बंद करावा म्हणून पार्लमेंटकडे ५१९ अर्ज गेले. सगळं श्रेय एका पुस्तकाचं नाही. पण इक्वियानोच्या हयातीतच त्याच्या नऊ आवृत्त्या निघाल्या, आणि ज्या गावांतून अर्ज येत होते तशाच गावांतून तो ते विकत फिरत होता.

१८०७ ची व्यापारबंदी त्याला दिसली नाही; ॲना मारियाच्या आधी चारच महिने, मार्चमध्ये तो गेला. १८३३ च्या मुक्तीच्या कायद्यातून तर कंपनी सरकारचा मुलूख वगळला होता. आपल्याकडे कायदा व्हायला १८४३ उजाडलं.

धाकटी जोॲना मात्र जगली. १८१६ मध्ये, एकविसाव्या वर्षी, तिला वडिलांच्या मिळकतीतले ९५० पौंड मिळाले.