एका खोलीत नऊजण मावायचो कसे?

मुंबईच्या बीडीडी चाळीत वाढले असं सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "एवढ्याशा खोलीत एवढी माणसं झोपायची कुठे?" विचारणाऱ्याला बहुतेक वेळा गणपती, दहीहंडी आणि सताड उघडी दारं ऐकायची असतात. ते सगळं होतंच. पण झोपायचो कुठे याचं खरं उत्तर वेगळं आहे आणि तुम्ही विचारलंत म्हणून ते नीट सांगते.

आमची खोली डिलाईल रोडला, म्हणजे ना. म. जोशी मार्गावर. १९२० च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, शिवडी आणि डिलाईल रोडला या चाळी बांधल्या, म्हणून त्या बीडीडी. तळमजला आणि वर तीन मजले, मधोमध पॅसेज, दोन्ही बाजूंना खोल्या, संडास सगळ्या मजल्याला मिळून. खोली १६० चौरस फुटांची. तेवढ्यात मोरी, पाण्याचं पिंप, स्टोव्ह, भांड्यांची मांडणी, ट्रंका आणि एक लोखंडी कॉट. आबा, आई, आजी, आम्ही तीन भावंडं, दोन काका आणि मामा. सगळे घाटावरचे, सातारा जिल्ह्यातल्या एकाच गावातून एकेक करत आलेले.

कॉट विटांवर चढवलेली होती. वर आजी, खाली आम्ही पोरं. बाकीच्यांचं मात्र कापडगिरणीच्या पाळ्यांवर होतं. आबांची पहिली पाळी सकाळी सातची. मोठे काका दुसऱ्या पाळीला, दुपारी साडेतीनला जायचे ते मध्यरात्री सुटायचे. मामा रात्रपाळीला. धाकटे काका बदली कामगार. रोज गेटवर उभं राहायचं, काम मिळालं तर आत, नाहीतर परत. म्हणजे नऊच्या नऊ माणसं एका वेळी खोलीत आडवी झालीत, असं सुट्टीचा दिवस सोडला तर होतच नसे. मामा निघताना वळकटी गुंडाळायचे आणि त्याच जागेवर थोड्या वेळाने मोठ्या काकांची उलगडायची. सकाळी आबा गेले की मामा येऊन झोपायचे. तेव्हा आम्ही पोरं अभ्यासाची पुस्तकं घेऊन पॅसेजमध्ये. सुट्टीला सगळे घरी असले की पुरुष गच्चीत नाहीतर गाववाल्यांच्या गाळ्यावर झोपायला जायचे. मोठ्या काकांचं लग्न झालं तेव्हाही तसंच. कोणी काही बोललं नाही, आजीसुद्धा वळकटी उचलून शेजारच्या खोलीत गेली.

त्या काळाबद्दल लोक "माणसं मोठ्या मनाची होती" असं म्हणतात. होती. पण खोली मोठी करत होत्या त्या गिरणीच्या पाळ्या, आणि ते सगळं निभावून नेत होती आई. तिला पाळी नव्हती. पहाटे नळ यायचा म्हणून त्याआधी उठायचं, आबांचा डबा, मामांचं जेवण, मोठ्या काकांचं जेवण, मध्यरात्री परत आलेल्याला गरम कालवण. शिवाय घरभाड्याला हातभार म्हणून गावाकडच्या चार गड्यांची खानावळ. भाकऱ्या थापून तिचे तळवे कायम तांबडे असायचे. गिरणगावात अशा हजारो बायका होत्या. प्रेमाताई पुरवांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं ते याच खानावळवाल्यांसाठी. सावकाराच्या व्याजातून सुटून बँकेचं कर्ज मिळावं म्हणून. या बायकांशिवाय गिरणीची एकही पाळी वेळेवर भरली नसती, असं मला मनापासून वाटतं. गिरणी कामगार म्हणताना त्यांचं नाव कोणी घेत नाही याचं मला आजही वाईट वाटतं.

मग १८ जानेवारी १९८२ उजाडला. डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाखांच्या आसपास कामगार संपावर गेले. चाळीत सुरुवातीला उत्साह होता, महिनाभरात सगळं मिटेल असं जो तो सांगत होता. आणि आमची खोली पहिल्यांदा अपुरी पडली. तीच माणसं, तीच कॉट, पण आता सगळे दिवसभर घरात. आबांना तर दुपारी खोलीत बसायचं कुठे हेच कळेना. आई स्वयंपाक करत असली की ते उगाच उठून मैदानात जायचे. रात्री पाय पसरायला जागा नाही, त्यावरून भांडणं. आमच्या घरात तोवर कोणी कोणाला जागेवरून बोललं नव्हतं.

खानावळीचे गडी पैसे देऊ शकेनात. आईने काही महिने उधारीवर जेवू घातलं, मग किराणा मिळेना. मामा गावी गेले, पाठोपाठ मोठे काका-काकू. धाकट्या काकांनी भाजीची गाडी लावली. संप कधी रीतसर मागे घेतला गेलाच नाही. आबांना परत बोलावणं आलं नाही. आई लालबागहून मिरच्या आणून मसाला करून विकायला लागली, आणि माझी दहावी त्या मसाल्यावर झाली.

आता त्या चाळींच्या जागी टॉवर उभे राहतायत, ५०० चौरस फुटांची घरं. चाळपण गेलं म्हणून हळहळणारे भेटतात. मला त्या घरांचा आनंद वाटतो. आईच्या वयाच्या बाईला दुपारी दार लावून तासभर आडवं होता येईल तिथे. आमच्याकडे दिवसा झोपायची जागा रात्रपाळीवाल्याची होती, आणि ती रिकामी असली तरी आई तिथे कधी टेकली नाही.