कॅनडाला जायच्या आधीचं लायसन्स आणि माझी १० मिनिटं

लग्न ठरलं तेव्हा मी पायलट व्हायचं शिकत होते आणि माझ्या लॉगबुकात, म्हणजे उड्डाणांच्या वहीत, १३८ तास २० मिनिटं जमा होती. नवरा कॅल्गरीत, माझे व्हिसाचे कागद सुरू, आणि नागपुरातल्या प्रतापनगरच्या आमच्या घरात रोज रात्री एकच विषय: उरलेलं तिकडं जाऊनच कर ना. सासरे तर फोनवर म्हणाले, "बेटा, इथं फी भरायची अन् तिकडं पुन्हा भरायची, काहून दोनदा?" त्यांचं अगदीच चुकत होतं असंही नाही.

तरी मी इथंच पूर्ण करायचं ठरवलं. डीजीसीएच्या (आपल्याकडच्या विमान वाहतूक नियामकाच्या) कमर्शियल लायसन्सला २०० तास लागतात, त्यातले १०० पायलट-इन-कमांड, म्हणजे विमानाची जबाबदारी स्वतःची असलेले. कॅनडातही नेहमीच्या मार्गानं २००च. अर्धवट तास घेऊन गेलं की ते मोजले जातात, पण तुम्ही विद्यार्थीच राहता. लायसन्स हातात असलं तर ते बदलून घ्यायचा रस्ता ठरलेला आहे: तिकडची मेडिकल, लेखी परीक्षा, फ्लाइट टेस्ट. शिवाय माझे नेव्हिगेशन, मेटिऑरॉलॉजी, रेग्युलेशन्स आणि टेक्निकलचे दोन्ही पेपर पास झाले होते, आरटीआर ही रेडिओची परीक्षाही झाली होती. एवढं करून ते सोडून द्यायचं जिवावर आलं. आणि डिसेंबरात कॅल्गरीत दिवस जेमतेम ८ तासांचा. बर्फात नवीन देश शिकू की लँडिंग?

अडचण एकच होती. माझ्या संस्थेची दोन विमानं जमिनीवर होती. एकाच्या इंजिनाचे २००० तास भरले होते, ओव्हरहॉलला, म्हणजे पूर्ण खोलून दुरुस्तीला, पाठवलेलं इंजिन परत येत नव्हतं. दुसऱ्याचं काय झालंय, हे दर आठवड्याला वेगळं सांगायचे. म्हणून दुसरीकडे जायचं ठरवलं. नव्या संस्थेनं मागितलं ते तीनच: प्रमाणित लॉगबुक, ट्रेनिंग फाइल, फी बाकी नसल्याचा दाखला. मला वाटलं, एक दिवसाचं काम आहे.

सात आठवडे लागले.

पहिल्यांदा रात्रभर ट्रॅव्हल्सनं गेले तर कळलं, जुने चीफ इन्स्ट्रक्टर नोकरी सोडून एअरलाइनमध्ये गेले. नवे म्हणाले, "माझ्या काळात न झालेल्या उड्डाणांवर मी सही कशी करू?" दुसऱ्यांदा गेले तेव्हा सही करायला तयार झाले, पण आधी ऑफिसातल्या मॅडमनी लॉगबुक संस्थेच्या ऑथरायझेशन रजिस्टरशी, म्हणजे उड्डाणांच्या त्यांच्याकडच्या नोंदींशी, ताडून पाहायचं. मॅडमनी पट्टी ठेवून एकेक ओळ पाहिली. मी समोर प्लास्टिकच्या खुर्चीत. साडेअकराला पट्टी थांबली. एका सोलो (एकटीनं केलेल्या) उड्डाणाला माझ्याकडे १ तास १५ मिनिटं, त्यांच्याकडे १ तास ५.

"हे जुळत नाही."

मला तो दिवस आठवत होता. धावपट्टीवर कुत्रं आलं म्हणून टॉवरनं मला थांबवलं होतं आणि मी इंजिन चालू ठेवून टॅक्सीवेवर उभी होते. चाकाखालचे चॉक काढल्यापासून परत लावेपर्यंतचा वेळ मी लिहिला होता, रजिस्टरमध्ये कुणीतरी टेकऑफपासूनचा टाकला असणार. माझंच बरोबर होतं. आणि तिथंच मी गाढवपणा केला. १० मिनिटं सोडायला तयारच होईना. ईमेल लिहिले, टॉवरच्या नोंदी मागितल्या, जुन्या सरांना मेसेज केले. ते बिचारे विमानातून उतरल्यावर उत्तर द्यायचे. यात चार आठवडे गेले. बाबा एकदाच बोलले, "अगं, त्या १० मिनिटांपायी तू महिना घालवून राहिली." त्या दिवशी मी जेवले नाही.

पाचव्या आठवड्यात गेले आणि आकडा बदलून घेतला. खाडाखोड नाही, व्हाइटनर तर मुळीच नाही: जुन्या आकड्यावर एक सरळ रेघ, वर नवा आकडा, बाजूला सही. मग पुढच्या प्रत्येक पानाखालची बेरीज १० मिनिटांनी बदलली. अशा २३ पानांवर रेघा आहेत. त्यानंतर फीच्या दाखल्याला आणखी दोन आठवडे, ते जाऊ द्या.

म्हणून सांगते, दर महिन्याला लॉगबुकाचं प्रत्येक पान सहीसकट स्कॅन करा आणि रजिस्टरशी तेव्हाच जुळवा. इन्स्ट्रक्टर जातात, रजिस्टर तिथंच राहतं.

दुसरी संस्था शोधताना नागपूरकराला आधी आठवतं सोनेगावचं विमानतळ, नाहीतर गोंदियाचं बिरसी. मीही घरापासूनचं अंतरच मोजत बसले होते. विचारायला हवं ते वेगळंच: आज किती विमानं खरंच उडतायत, एका विमानामागं विद्यार्थी किती, धावपट्टीवर रात्रीचे दिवे आहेत का. रात्रीचे ५ तास लागतात, दिवे नसले तर त्यासाठी तिसरीकडे जावं लागतं.

नव्या ठिकाणी उरलेले तास पावसाळ्याआधी संपले, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

हां, एक राहिलंच. क्रॉस-कंट्री, म्हणजे दुसऱ्या विमानतळांपर्यंतचं लांबचं उड्डाण. आपल्याकडे ३०० नॉटिकल मैलांचं एकूण अंतर आणि दोन वेगळ्या विमानतळांवर पूर्ण थांबून लँडिंग चालतं. कॅनडाच्या नियमात निघालेल्या जागेपासून ३०० नॉटिकल मैल दूरच्या ठिकाणी जावं लागतं, आणि निघालेली जागा सोडून इतरत्र किमान तीन लँडिंग. मला हे वेळेत कळलं म्हणून एक लांबचं उड्डाण तसंच आखून घेतलं. रेडिओचं सर्टिफिकेटही तिकडं वेगळं काढावं लागतं, आरटीआर दाखवून भागत नाही.

लायसन्स आलं तेव्हा एकूण तास २०४ झाले होते. म्हणजे ती १० मिनिटं मला लागलीच नाहीत. लॉगबुक मी हातातल्या बॅगेत ठेवलंय, सामानात टाकणार नाही.