स्किट लिहायचंय, पण पैसे किती?

आज लातूरच्या एका कॉलेजात स्किटलेखनावर बोलून आलो. युवक महोत्सवाची तयारी चाललीय, हॉल खच्चून भरलेला. पहिलाच प्रश्न आला, "सर, लेखकाला पैशे किती भेटतेत?" रास्त आहे. (नटाला हे कुणी पहिल्या फटक्यात विचारत नाही, ते असो!)

मग सचिन मोटे आणि सचिन गोस्वामी यांचं उदाहरण दिलं. 2018 पासून सोनी मराठीवर 'महाराष्ट्राची हास्यजत्रा'. मोटे लेखनाच्या बाजूचे, गोस्वामी दिग्दर्शनाच्या, आणि निर्मितीही दोघांचीच. हशा पिकवणारा पंच ठेवायचा की खर्च वाचवायचा, हे भांडण मग घरातच मिटत असणार. पण दर आठवड्याला नवं लिहायचं म्हणजे डोक्याचं भुस्काट. पोरांना तेवढं काही पटलं नाही.

खरी मजा पुढे. एका पोरीनं पीकविम्याच्या रांगेवरचं स्किट वाचलं. आजीच्या तोंडी एकदम पुस्तकी मराठी! म्हटलं, घरी बोलतात तसं वाच. तिनं वही खाली ठेवली आणि, "साहेब, कवापासून कागूद बघूलालाव, त्येच्यात पैशे हाईत का न्हाईत?" हॉल फुटला. 'वऱ्हाड निघालंय लंडनला'मध्ये लक्ष्मण देशपांड्यांनी एकट्यानं 52 पात्रं उभी केली, तीही मराठवाड्याच्या बोलीच्या जिवावरच की.

तिला स्किटच्या पाच पानांची दोनच पानं कर म्हणून सांगून आलोय. पोरगी जाम नाराज आहे.