गावभागातल्या दोन खोल्यांपासून: आमची वाटचाल

मी मूळची मिरजेची. स्पेशल एज्युकेशनचा कोर्स झाला आणि पुण्यात एका विशेष शाळेत नोकरी लागली, नाव नको, तिथं साडेचार वर्षं काढली. तिथली पद्धत अशी होती की मूल अंगावर आलं, चावलं, वस्तू फेकल्या की त्याला जिन्याखालच्या खोलीत बसवायचं आणि शांत झालं की बाहेर काढायचं. मीसुद्धा बसवलंय मुलांना. हे लिहिताना आजही हात जड होतो, पण लिहायलाच पाहिजे, कारण विशेष मुलांच्या आणि मोठ्यांच्या वागण्याच्या अडचणींवर काम करणारं आमचं सेंटर त्या खोलीमुळेच सुरू झालं.

१३ वर्षांची एक मुलगी होती, गणिताचा तास सुरू झाला की ती शेजारच्याला चिमटे काढायची, मग आम्ही तिला खोलीत न्यायचो, आणि तिला नेमकं तेच पाहिजे होतं, म्हणजे गणितातून सुटका. वर्षभर आम्हीच तिला चिमटे काढायला शिकवत होतो. हे माझ्या लक्षात आलं तेव्हा मी मुख्याध्यापकांना सांगितलं की तिचं गणित सोपं करून बघूया, मध्ये मध्ये उठायला देऊया, तर उत्तर आलं की असे लाड केले तर बाकीची पण बिघडतील. नोकरी सोडली ती त्यानंतरच.

लग्न होऊन सांगलीत आले. सासऱ्यांनी गावभागातल्या जुन्या घराच्या पुढच्या दोन खोल्या दिल्या आणि जून २०१४ मध्ये सुरुवात केली. पहिल्या महिन्यात दोन मुलं, तिसऱ्या महिन्यात पाच. भाडं नव्हतं म्हणून टिकलो, हे स्पष्टच सांगते. येणारे पालक सगळं करून थकून आलेले असायचे, कुणी अंगारा लावून झालेला, कुणी तीन डॉक्टर करून झालेलं. आणि घरात बोलणी खायची ती आईनं, "वळणच लावलं नाही" म्हणून. एक आजी नातवाला घेऊन आल्या होत्या, म्हणाल्या, "ताई, ह्यो मारतो वो सगळ्यास्नी, पण पोरगं वाईट न्हाई." तेवढं एक वाक्य मला कुठल्याच पुस्तकात सापडलं नव्हतं.

आता आमच्या हातून झालेली चूक. पहिल्याच वर्षी सात वर्षांचा मुलगा होता, बोलत नव्हता, आई दुसऱ्या कामाला लागली की डोकं भिंतीवर आपटायचा. मी अंदाज बांधला की लक्ष वेधून घ्यायला करतोय, आणि अंदाज बरोबरही होता, पण मी आईला सांगितलं की दुर्लक्ष करा, चार दिवसांत कमी होईल. तिसऱ्या दिवशी तो इतक्या जोरात आपटला की कपाळाला चार टाके पडले. जी गोष्ट इतके दिवस चालत होती ती अचानक चालेना झाली की माणूस आधी जोर वाढवतो, बंद पडलेल्या लिफ्टचं बटण आपण दहा वेळा दाबतो ना तसं, आणि हे मला थिअरीत माहीत होतं. पण आईला बोलवायचा दुसरा कुठलाही रस्ता त्याला न देता मी पहिला रस्ता बंद करून टाकला होता. त्याच्या आईनं मला एका शब्दानं दोष दिला नाही, ते जास्त लागलं.

त्यानंतर दोन महिने नवीन मूल घेतलं नाही, वाचत बसले. कार आणि ड्युरंड या अमेरिकन अभ्यासकांचा १९८५ चा पेपर तेव्हा नीट वाचला. चारच मुलं होती त्या अभ्यासात. कुणाचं वागणं अभ्यास अवघड वाटल्यामुळे बिघडत होतं, कुणाचं कौतुक कमी मिळतं म्हणून, तर त्यांनी मुलांना "मला समजत नाही" आणि "मी नीट करतोय का?" अशी वाक्यं शिकवली आणि वागणं कमी झालं. पण ज्याला मदत पाहिजे त्याला कौतुक मागायला शिकवून उपयोग होत नव्हता, वाक्य कारणाला जुळायला लागायचं. आम्ही त्या मुलाला आईच्या पदराला हात लावून दोनदा ओढायला शिकवलं, आणि आईला सांगितलं की सुरुवातीला दर वेळी, हातात लाटणं असलं तरी, वळून बघायचं म्हणजे बघायचंच. दीड महिन्यात आपटणं दिवसाला एखाद्या वेळेवर आलं.

तेव्हापासून सेंटरमध्ये एक नियम आहे, काहीही थांबवायच्या आधी त्याच्या जागी काय द्यायचं ते ठरलं पाहिजे. आणि दुसरा नियम म्हणजे वही. साधी शंभर पानी वही, पानावर तीन रकाने: आधी काय झालं, मुलानं काय केलं, नंतर आपण काय केलं. सोबत वेळ. पालकांना पहिले दोन आठवडे फक्त एवढंच करायला सांगतो आणि बऱ्याच जणांना ते आवडत नाही, त्यांना उपाय पाहिजे असतो, साहजिक आहे, रात्र रात्र झोप नसते. पण "तो सारखाच चिडतो" म्हणणाऱ्या घरातली वही उघडली की दिसतं, सारखाच नाही हो, संध्याकाळी साडेसहा ते आठ, ज्या वेळी टीव्ही, मिक्सर आणि शेजारची क्लासची पोरं सगळं एकदम चालू असतं. "रागात आला" असं लिहू देत नाही आम्ही, "ताट फेकलं" असं लिहायचं. राग दिसत नाही, ताट दिसतं.

ताटावरून आठवलं. २७ वर्षांची एक ताई आमच्याकडे यायची, बोलणं दोन-तीन शब्द. अचानक जेवताना ताट फेकायला लागली, वहिनीला ओरबाडायला लागली, घरात कुरबुरी वाढल्या, वहिनी आल्यापासून असं होतंय इथपर्यंत बोलणं गेलं. वहीत दिसलं की खीर, ताकभात असलं की काही होत नाही, भाकरी किंवा पापड असला की होतं. दाताच्या डॉक्टरांकडे पाठवलं तर मागची दाढ पूर्ण किडलेली. दाढ काढली आणि ताट फेकणं थांबलं. आमचं काहीच कौशल्य नाही त्यात. पण तेव्हापासून वागण्यात अचानक बदल झाला की कान, दात, पोट साफ होतंय का, पाळी, झोप आणि नवीन चालू झालेलं औषध एवढं विचारल्याशिवाय आम्ही पुढे जात नाही. फिट येणारं मूल असेल तर डॉक्टरांच्या हातात वही देतो, त्यांना पण ती उपयोगी पडते.

टीम हळूहळू वाढली. आज आम्ही सहा जण आहोत, त्यातल्या दोघी आमच्याकडे येणाऱ्या मुलांच्याच आया, कोर्स करून आलेल्या. पगार वेळेवर करता येतो पण फार नाही करता येत, शिकवून तयार केलेली मुलगी पुण्याला निघून जाते तेव्हा वाईट वाटतं आणि तिला थांब म्हणायची ताकद पण नसते. फीचं म्हणाल तर निम्म्या घरांकडून पूर्ण घेतो, बाकीच्यांचं जमेल तसं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानंतर ऑटिझम (स्वमग्नता) दिव्यांगत्वाच्या २१ प्रकारांमध्ये आला आणि दाखल्यासाठी लोक विचारायला लागले, मग फॉर्म भरून देणं हे पण आमचंच काम झालं: यूडीआयडी कार्ड म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, निरामय या आरोग्य विमा योजनेचं १ लाखापर्यंतचं विमाकवच, १८ वर्षांनंतरचं कायदेशीर पालकत्व. त्या शेवटच्या अर्जाला पालक खूप उशिरा येतात. आत्ता वाचत असाल आणि मूल १७ चं असेल तर कागद जमवायला लागा.

ऑगस्ट २०१९ चा पूर सांगलीकरांना सांगायला नको. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट, पाणी ५७ च्या पुढे गेलं. दोन्ही खोल्या बुडाल्या, खेळणी, फाईली, पाच वर्षांच्या वह्या, सगळा चिखल. पण मला आठवतो तो आमच्याकडे येणारा ३१ वर्षांचा दादा. रोज दहाला चालत यायचा, तोच रस्ता, तोच चहाचा गाडा. घरच्यांबरोबर निवारा केंद्रात नेलं तर हॉलमध्ये पाय ठेवेना, ढकलाढकली झाली, कुणीतरी म्हणालं याला बांधून ठेवा. मी फोनवर होते, दुसऱ्या टोकाला, विश्रामबागला. त्याच्या भावाला म्हटलं, कागद घे आणि तीन चित्रं काढ, घरात पाणी, मग हा हॉल, मग पुन्हा घर. आणि त्याला दाराजवळची कोपऱ्यातली जागा दे, तोंड भिंतीकडे असू दे. चित्रं अगदी वेडीवाकडी होती. दादा ती हातात धरून दीड तास दारात उभा राहिला आणि मग आत जाऊन बसला. तिसरं चित्र तो आठवडाभर खिशात ठेवत होता.

पूर ओसरल्यावर आम्ही विश्रामबागला भाड्यानं जागा घेतली, पहिल्यांदा भाडं, तीन रात्री झोप नव्हती. जरा बसतोय तोवर लॉकडाऊन. व्हिडिओ कॉलवर काम होईल असं वाटलं नव्हतं, पण उलट पहिल्यांदाच आम्हाला मुलांची स्वयंपाकघरं दिसली, कुठं गर्दी होते, कोण कुठून ओरडतं ते दिसलं. आता घरभेट हा आमच्या कामाचा पहिला भाग आहे, सेंटर नंतर.

सध्या येणाऱ्यांत निम्मे १८ च्या पुढचे आहेत. मोठ्या माणसाचं काम वेगळं, त्याला चॉकलेट देऊन शाबास म्हणणं मला पटत नाही, तिथं त्याला दिवसात स्वतः ठरवता येतील अशा किती गोष्टी आहेत ते आम्ही मोजतो. कुठला शर्ट, आधी अंघोळ की चहा. अनेक घरांत हा आकडा शून्य असतो, आणि मग शर्ट फाटतो.

जुलै २०२१ ला पाणी पुन्हा चढायला लागलं तेव्हा आमच्याकडे पुराची कार्डं लॅमिनेट करून तयार होती, प्रत्येकाच्या घरी एक संच. दादाच्या भावाचा फोन आला की भोंगा लावून गाडी फिरायला लागली तसा यानं कार्डं काढली, चप्पल घातली आणि आमच्याआधी दारात जाऊन उभा राहिलाय.