न बघता टाइप करता येणारा फोन

टायपिंगच्या क्लासात पहिले दोन महिने मी नुसतं 'ए एस डी एफ' बडवत होते. बाई हातांवर पुठ्ठा धरायच्या, म्हणजे कळांकडे बघायची सोयच नाही. तेव्हा त्यांचा राग यायचा. पुढे नोकरीत मीटिंगची इतिवृत्तं लिहायला लागले आणि समजलं, की बोलणाऱ्याच्या तोंडाकडे बघत लिहिता येणं ही आमच्या कामातली निम्मी कमाई आहे. समोरचा माणूस कुठे अडखळला, कोणाकडे बघून बोलला, हे कागदात मान घातलेल्याला दिसत नाही.

म्हणून नोकिया ई७१, म्हणजे स्क्रीनखाली पूर्ण कीबोर्ड असलेला २००८ सालचा फोन, हातात आला तेव्हा मी कॅमेरा उघडला नाही की गाणी लावली नाहीत. नवा मेसेज उघडला, डोळे मिटले आणि मीटिंग किती वाजता आहे हे सांगणारं आठ शब्दांचं इंग्रजी वाक्य टाइप केलं. पाच चुका निघाल्या. त्याला आता आठ महिने झाले. तेच वाक्य मी अजूनही अधूनमधून डोळे मिटून लिहून बघते. आता बहुतेक वेळा एकही चूक निघत नाही.

बारीक फोन आणि कीबोर्ड यांचं मुळात जमत नाही. कळ दाबायची तर तिला रुंदी हवी आणि खाली जायला थोडी खोली हवी. याच घराण्यातला आधीचा ई६१आय ७० मिलिमीटर रुंद होता आणि जाडीला जवळजवळ १४. तो एका हाताच्या मुठीत नीट मावायचा नाही. ई७१ ची रुंदी ५७ आणि जाडी १० मिलिमीटर. मूठ सहज बंद होते, पण ते १३ मिलिमीटर कमी झाले ते कळांच्याच वाट्यातून. एका ओळीत दहा अक्षरं बसवायची तर एका अक्षराला साडेपाच मिलिमीटरच्या आसपास जागा उरते. कॉम्प्युटरच्या कीबोर्डवर एका कळेच्या मध्यापासून दुसरीच्या मध्यापर्यंत १९ मिलिमीटर असतात. हे गणित मांडलं तेव्हा मला वाटलं होतं, की या फोनवर बघितल्याशिवाय टाइप करणं विसरायचं.

ते जमतं, कारण कळ सपाट नाही. कळा एकमेकींना खेटून आहेत, मधे फट नाही, पण प्रत्येकीचा मधला भाग उचललेला आहे. अंगठा पूर्ण टेकवायचा नाही, टोकाने त्या उंचवट्यावर उतरायचं. पहिल्या आठवड्यातल्या माझ्या सगळ्या चुका शेजारच्या अक्षराच्या होत्या. मी अंगठा सपाट ठेवत होते, म्हणून दोन उंचवटे एकदम दाबले जायचे. दुसऱ्या महिन्यापर्यंत अंगठ्याला उंचवटा शोधायची सवय लागली आणि मान आपोआप वर आली. कळ दाबली गेल्याचं बोटाला स्पष्ट कळतं, आवाज मात्र जेमतेम. शांत खोलीत हे फार महत्त्वाचं आहे. टकटक ऐकू आली की बोलणारा थबकतो, हे मी पुष्कळदा पाहिलं आहे.

कीबोर्डच्या वर मधल्या बटणाच्या दोन्ही बाजूंना चार शॉर्टकट आहेत: होम, कॅलेंडर, कॉन्टॅक्ट्स आणि मेल. मेलचं बटण नुसतं दाबलं तर पेटी उघडते, दाबून धरलं तर कोरं पत्रच समोर येतं. कॅलेंडरचंही तसंच, धरून ठेवलं की नवी मीटिंग नोंदवायला तयार. कोणाला फोन लावायचा असेल तर होम स्क्रीनवर सरळ नावाची अक्षरं टाइप करायची, खाली नावं गाळून येतात. हे हाताला इतकं बसलं आहे, की दुसऱ्याचा फोन घेतला तरी मी आधी नावच टाइप करायला जाते.

होम स्क्रीनचे दोन मोड करता येतात, एक कामाचा, एक घरचा. संध्याकाळी मोड बदलला की ऑफिसची मेल समोर दिसत नाही. मला ही सोय मनापासून आवडते.

स्क्रीनची किंमत मोजावी लागते, हे खरं. निम्मं अंग कीबोर्डने घेतल्यावर उरतो २.३६ इंचांचा, ३२० बाय २४० पिक्सेलचा आडवा तुकडा. चार ओळींचं उत्तर लिहायला तो पुरतो. लांब मेल वाचताना सारखं खाली सरकावं लागतं, आणि एक्सेलची फाइल फोनमधल्या क्विकऑफिस या प्रोग्रॅममध्ये उघडते खरी, पण तीन-चार रकान्यांपलीकडे काही दिसत नाही. ज्यांचं काम वाचण्याचं आहे त्यांनी हा घेऊ नये. ज्यांचं लिहिण्याचं आहे त्यांनी घ्यावा. कॅमेरा ३.२ मेगापिक्सेलचा, फळ्यावरची अक्षरं टिपायला ठीक. हेडफोनची पिन २.५ मिलिमीटरची असल्यामुळे नेहमीचा हेडफोन बसत नाही. यूएसबीच्या वायरने चार्जही होत नाही, त्याला बारीक पिनचा चार्जर वेगळा लागतो, म्हणून पर्समध्ये दोन वायरी. बॅटरी मात्र १५०० एमएएचची; माझ्या वापरात दोन पूर्ण दिवस जाते.

रिमोट लॉक, म्हणजे लांबून फोन कुलूपबंद करायची सोय, मी मुद्दाम तपासून पाहिलं, कारण या फोनमध्ये दुसऱ्यांची पत्रं असतात. सेटिंगमध्ये ५ ते २० अक्षरांचा एक मजकूर ठरवून ठेवायचा. फोन हरवलाच तर दुसऱ्या कोणत्याही फोनवरून तो मजकूर आपल्या नंबरवर एसएमएस करायचा. सहकारी मैत्रिणीच्या फोनवरून मी तो पाठवला आणि टेबलावरचा माझा फोन समोर कुलूपबंद झाला. त्या दिवसापासून मी पर्स खुर्चीला अडकवून चहाला जाऊ शकते.

वही आणि शॉर्टहँड मी सोडलेलं नाही. अर्ध्या तासाची मीटिंग आता पूर्ण फोनवर होते आणि लोक खुर्च्या सरकवायच्या आत मुद्दे त्यांच्या मेलमध्ये पोचलेले असतात. पण तासाच्या वर बोलणं गेलं की अंगठ्याच्या मुळाशी कळ यायला लागते. मग मी फोन पालथा ठेवते आणि पेनाचं टोपण काढते.